बाजार फीची पावती म्हणजे परवाना का? रस्त्यावरच्या धंद्याचे नियम, बोदवडच्या उदाहरणातून

आठवडे बाजाराचा दिवस. पाल ठोकून झालं, वांगी-मिरचीचे ढीग लागले, की थोड्या वेळात पावतीपुस्तक घेऊन एक जण येतो. ठरलेले पैसे घेतो, पावती फाडून देतो आणि पुढच्या दुकानाकडे जातो. जळगाव जिल्ह्यातलं बोदवड असो, शेजारचं मुक्ताईनगर असो की भुसावळ, ही पद्धत सगळीकडे सारखीच.

या पावत्या कित्येक विक्रेते वर्षानुवर्षं जपून ठेवतात. "आम्ही फुकट बसत नाही, पैसे भरतो," असं ते म्हणतात आणि ते खरंही असतं. पण एखाद्या दिवशी अतिक्रमण हटाव मोहीम निघते, लोटगाडी उचलून ट्रॅक्टरमध्ये टाकली जाते आणि पावत्यांचा गठ्ठा दाखवूनही काही उपयोग होत नाही. "ही बाजार फी आहे, परवाना नाही," असं उत्तर मिळतं.

मग परवाना म्हणजे नेमकं काय? तो कोण देतं? आणि ज्याच्याकडे तो नाही, त्याची गाडी कधीही उचलता येते का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच जणांना वाटतं त्यापेक्षा वेगळं आहे. एकेक गोष्ट बघू.

कोणता कायदा लागू होतो?

रस्त्यावर धंदा करणाऱ्यांसाठी देशात स्वतंत्र कायदा आहे: पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, 2014. तो लोकसभेत 6 सप्टेंबर 2013 रोजी आणि राज्यसभेत 19 फेब्रुवारी 2014 रोजी मंजूर झाला आणि 1 मे 2014 पासून लागू झाला. महाराष्ट्र सरकारने त्याखाली 2016 मध्ये नियम केले आणि 2017 मध्ये योजना आणली.

नावात दोन शब्द महत्त्वाचे आहेत, संरक्षण आणि विनियमन. विक्रेत्याचं पोट सांभाळायचं आणि रस्त्याला शिस्तही लावायची, अशी दोन्ही कामं या कायद्याने स्थानिक संस्थेकडे दिली आहेत.

ही स्थानिक संस्था म्हणजे महानगरपालिका, नगरपरिषद किंवा नगरपंचायत. बोदवडला पूर्वी ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे. हा बदल विक्रेत्यासाठी फक्त पाटीवरच्या नावापुरता नाही. जळगाव महापालिका आणि भुसावळ नगरपरिषद यांना जो कायदा लागू आहे, तोच बोदवड नगरपंचायतीलाही लागू आहे. गाव लहान आहे म्हणून त्यातून सूट नाही. तालुक्यातल्या ज्या गावांत अजून ग्रामपंचायत आहे, तिथल्या बाजाराचा कारभार मात्र ग्रामपंचायतीच्या कायद्याने चालतो. एकच विक्रेता आठवड्यातून एक दिवस बोदवडला आणि बाकीचे दिवस खेड्यांच्या बाजारात बसत असेल, तर त्याचे नियम गावागणिक बदलतात.

रस्त्यावर बसणं हा हक्क आहे का?

आहे, पण त्याला मर्यादा आहेत. 1989 मध्ये सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की रस्त्याकडेला व्यवसाय करणं हा राज्यघटनेच्या कलम 19 (1) (छ) मधल्या व्यवसाय-स्वातंत्र्याचा भाग आहे. त्याच निकालात हेही स्पष्ट केलं की अमुक एक जागा माझीच, असा हक्क कोणाला सांगता येणार नाही आणि सरकार वाजवी बंधनं घालू शकतं.

नंतर 9 सप्टेंबर 2013 रोजी महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियनच्या खटल्यात, कायदा येईपर्यंत 2009 चं राष्ट्रीय धोरण सगळीकडे लागू करा, असा आदेश न्यायालयाने दिला. म्हणजे आजच्या कायद्यामागे मुंबईतल्या फेरीवाल्यांची मोठी कोर्टकचेरी आहे आणि तिचा फायदा बोदवडच्या लोटगाडीवाल्यालाही मिळतो.

चार कागद, चार वेगळे अर्थ

सगळा गोंधळ इथे होतो. विक्रेत्याच्या हातात चार प्रकारचे कागद असू शकतात.

1. बाजार फीची पावती. काही ठिकाणी हिला तहबाजारी म्हणतात. त्या दिवशी ती जागा वापरल्याबद्दल घेतलेली ही फी. वसुली नगरपंचायतीचे कर्मचारी करतात किंवा ठेकेदार करतो. दर ठरवण्याचा अधिकार ठेकेदाराला नाही, तो ठरावाने ठरलेला असतो. ही पावती परवाना नाही. मात्र तुम्ही अमुक वर्षापासून इथे धंदा करता याचा पुरावा म्हणून तिचं मोल मोठं आहे. जुनी पावती फेकू नका.

2. सर्वेक्षणातली नोंद. नगरपंचायतीने विक्रेत्यांची मोजणी केली आणि त्यात तुमचं नाव, फोटो, जागा आणि धंदा नोंदला गेला, तर ती प्रमाणपत्राची पहिली पायरी.

3. विक्री प्रमाणपत्र आणि ओळखपत्र. लोक ज्याला परवाना म्हणतात, तो हा कागद. त्यावर तुमचा वर्ग (एका जागी बसणारा की फिरता), जागा किंवा क्षेत्र, वेळ आणि मुदत लिहिलेली असते.

4. पीएम स्वनिधीचं शिफारसपत्र. कोरोनाच्या काळात 1 जून 2020 रोजी ही कर्जयोजना सुरू झाली. सर्वेक्षणात नाव नसलेल्यांनाही कर्ज मिळावं म्हणून स्थानिक संस्था शिफारसपत्र देते. सुरुवातीला पहिलं कर्ज 10,000 रुपयांचं होतं. ऑगस्ट 2025 मध्ये योजनेत बदल झाले आणि तीन टप्प्यांची रक्कम 15,000, 25,000 आणि 50,000 रुपये झाली. बँकेत हा कागद चालतो. त्यावर रस्त्यावरची जागा मिळत नाही.

"माझं स्वनिधीचं कर्ज मंजूर झालं, म्हणजे माझी जागा पक्की," हा समज म्हणूनच चुकीचा आहे. कर्ज फेडायची जबाबदारी पक्की होते, जागेसाठी तिसऱ्या क्रमांकाचा कागद लागतो.

प्रमाणपत्र मिळतं कसं?

कायद्याने क्रम ठरवून दिला आहे: आधी समिती, मग सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र आणि त्यासोबत पथविक्रीचा आराखडा.

समितीचं नाव नगर पथविक्रेता समिती. नगरपंचायतीत तिचे अध्यक्ष मुख्याधिकारी असतात. पोलीस, वाहतूक, आरोग्य, नियोजन, व्यापारी संघटना आणि बँका यांचे प्रतिनिधी तिच्यात असतात. पण सगळ्यात महत्त्वाची तरतूद अशी की किमान 40 टक्के सदस्य हे विक्रेत्यांनी स्वतःतून निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. स्वयंसेवी आणि वस्तीपातळीवरच्या संस्थांना किमान 10 टक्के जागा आहेत. म्हणजे भाजीवाली बाई मुख्याधिकाऱ्यांसमोर अर्ज घेऊन उभी राहण्याऐवजी त्यांच्याच टेबलाला बसून जागेबद्दल मत देऊ शकते.

सर्वेक्षण दर 5 वर्षांनी किमान एकदा व्हायला हवं. त्यात सापडलेल्या सगळ्या विक्रेत्यांना सामावून घ्यायचं, पण लोकसंख्येच्या 2.5 टक्क्यांच्या मर्यादेत. 25,000 लोकसंख्येच्या गावाचं गणित केलं तर ही मर्यादा 625 विक्रेत्यांची येते. एखाद्या क्षेत्रात जागेपेक्षा विक्रेते जास्त झाले तर चिठ्ठ्या टाकून जागा द्यायच्या आणि उरलेल्यांना लगतच्या क्षेत्रात बसवायचं.

प्रमाणपत्र घेताना विक्रेत्याला लेखी हमी द्यावी लागते: धंदा मी स्वतः किंवा माझ्या घरातला माणूस करेल, पोट भरायला मला दुसरं साधन नाही आणि ही जागा मी कोणाला भाड्याने देणार नाही किंवा हस्तांतरित करणार नाही. महाराष्ट्राच्या योजनेत अधिवासाच्या दाखल्याचीही अट आहे. मुंबईत याच अटीवरून मोठा वाद झाला. त्यामुळे आधार कार्ड, रेशन कार्ड आणि जुन्या पावत्यांसोबत हा दाखला आधीच काढून ठेवलेला बरा.

प्रमाणपत्र देताना अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, महिला, दिव्यांग आणि अल्पसंख्याक यांना प्राधान्य द्यायचं आहे. प्रमाणपत्रधारक वारला किंवा कायमचा आजारी, अपंग झाला, तर मुदत संपेपर्यंत त्याच्या घरातला माणूस, म्हणजे पती किंवा पत्नी अथवा अवलंबून असलेलं अपत्य, त्या जागी धंदा करू शकतं.

"इथे बसायचं नाही" हे कोण ठरवतं?

गावाचे तीन भाग पाडायचे असतात: जिथे मोकळेपणाने विक्री करता येईल, जिथे वेळेचं किंवा इतर बंधन असेल आणि जिथे विक्रीला मनाई असेल. मनाईची पाटी लावण्यापूर्वी काही अटी पाळाव्याच लागतात.

- जो बाजार आधीपासून भरतो, किंवा सर्वेक्षणात जो नैसर्गिक बाजार म्हणून नोंदला गेला, तो मनाई क्षेत्र करता येत नाही. नैसर्गिक बाजार म्हणजे जिथे विकणारे आणि घेणारे परंपरेने जमत आले ती जागा. बसस्टँडजवळची फळांची रांग याच प्रकारातली असू शकते.
- गर्दी होते, एवढ्या कारणावर मनाई करता येत नाही. तिथे नव्या लोकांना प्रमाणपत्र देणं थांबवता येतं.
- घाण होते, हे कारणही आपोआप चालत नाही. ती घाण फक्त विक्रेत्यांमुळेच होते आणि नगरपंचायतीने नेहमीची सफाई करूनही सुटत नाही, असं असेल तरच ते चालतं.
- सर्वेक्षण आणि पथविक्रीचा आराखडा झाल्याशिवाय कोणतंही मनाई क्षेत्र जाहीर करता येत नाही.

जे बाजार 50 वर्षांहून जास्त काळ भरत आले आहेत, त्यांना वारसा बाजार म्हणून जाहीर करून तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असंही कायद्याच्या अनुसूचीत म्हटलं आहे. खान्देशातल्या जुन्या बाजारपेठांसाठी ही ओळ फार उपयोगाची आहे, पण त्यासाठी बाजार किती जुना आहे याचे कागद कोणीतरी गोळा करून समितीसमोर ठेवावे लागतात.

प्रमाणपत्र नाही, मग गाडी कधीही उचलतील?

नाही. कायद्याच्या कलम 3 मध्ये स्पष्ट आहे की सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्या विक्रेत्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणालाही हटवता किंवा दुसरीकडे हलवता येणार नाही. म्हणजे नगरपंचायतीने आपलं काम केलेलं नसेल, तर त्याची शिक्षा विक्रेत्याला देता येत नाही.

सर्वेक्षण झालं, प्रमाणपत्रं वाटली आणि त्यानंतर कोणी प्रमाणपत्राशिवाय किंवा अटी मोडून धंदा करत असेल, तर 2,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रमाणपत्र रद्द करायचं असेल तर आधी विक्रेत्याचं म्हणणं ऐकावं लागतं आणि त्या निर्णयावर स्थानिक संस्थेकडे अपीलही करता येतं.

जागा रिकामी करून घ्यायची असेल तर 30 दिवसांची नोटीस हवी. नोटिशीची मुदत संपूनही विक्रेता हलला नाही तर रोज 250 रुपयांपर्यंत दंड लागू शकतो, पण दंडाची रक्कम जप्त मालाच्या किमतीपेक्षा जास्त असू शकत नाही. जप्तीची वेळ आलीच, तर मालाची यादी करून तिची सहीची प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत करायचा असतो, इतर माल 2 कामाच्या दिवसांत.

केळी, भाजी, फुलं विकणाऱ्यांनी नाशवंत मालाचा हा नियम पाठच करून ठेवावा. दोन दिवसांनी परत मिळालेल्या मेथीच्या जुड्यांचा काही उपयोग नसतो. त्यामुळे गाडी उचलली गेली तर वाद घालण्यात वेळ न घालवता यादी मागायची आणि त्याच दिवशी लेखी मागणी करून पोच घ्यायची.

तक्रारीसाठी तक्रार निवारण समिती असायला हवी आणि तिचे अध्यक्ष दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी राहिलेले असावेत, अशीही तरतूद आहे. प्रमाणपत्राच्या अटी पाळून बसलेल्या विक्रेत्याला पोलीस किंवा इतर कोणी अडवू शकत नाही, असं कलम 27 सांगतं.

कायदा इतका स्पष्ट असूनही वाद होतातच. जळगावात बळीराम पेठ, सुभाष चौक या भागातल्या हॉकर्सच्या स्थलांतरावरून महापालिका आणि विक्रेते यांच्यात वर्षानुवर्षं ओढाताण चालली. दुकानदारांना दुकानापुढे वाट हवी असते, पायी चालणाऱ्याला रस्ता हवा असतो आणि विक्रेत्याला गिऱ्हाईक जिथे आहे तिथेच जागा हवी असते. तिघांचंही म्हणणं खोटं नाही. म्हणून तर जागा ठरवायला समिती लागते.

आठवडे बाजार आणि शेतकऱ्याचं काय?

कायद्यात दोन मुख्य वर्ग आहेत, एका जागी बसणारे आणि फिरते. आणखी वर्ग योजनेतून ठरवायची मोकळीक राज्यांना आहे. आठवड्यातून एकदा येणारा कटलरीवाला किंवा मसालेवाला यांतल्या कोणत्या वर्गात नोंदला जातो, हे सर्वेक्षणाच्या वेळीच विचारून घ्यायला हवं. मोजणी बाजाराचा दिवस सोडून झाली, तर ही माणसं यादीत येणारच नाहीत.

स्वतःच्या शेतातली वांगी घेऊन बसणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला शेतीचं उत्पन्न आहे, त्यामुळे "दुसरं साधन नाही" ही हमी त्याला देता येणं अवघड. आठवडे बाजारात फी भरून तो बसतो, ती त्या दिवसापुरती परवानगी. रोजची पक्की जागा मात्र त्याला याच मार्गाने मिळणं कठीण आहे.

कोणाची जमीन, हेही बघा

सगळ्या जागा नगरपंचायतीच्या नसतात. रेल्वेची जमीन, स्थानकं आणि गाड्या यांना हा कायदा लागूच नाही, तिथे 1989 चा रेल्वे कायदा चालतो. त्यामुळे भुसावळ-नागपूर मार्गावरच्या बोदवड स्टेशनच्या आवारात वडापाव विकायचा असेल तर नगरपंचायतीचं प्रमाणपत्र कामाचं नाही. बाजार समितीच्या आवारातले व्यवहारही बाजार समितीच्या परवान्यावर चालतात.

दुकानापुढच्या रस्त्यावर बसण्यासाठी दुकानदाराला भाडं देणारे विक्रेते अनेक गावांत आहेत. रस्ता सार्वजनिक असेल तर तो भाड्याने द्यायचा अधिकार दुकानदाराला नाही. असं भाडं दिल्याने जागेवर कसलाही हक्क तयार होत नाही.

आणि भेळ, पाणीपुरी, चहा असं खायचं-प्यायचं विकत असाल, तर अन्न सुरक्षा कायद्याचे नियमही पाळावे लागतात.

विक्रेत्यानेही पाळायचं आहे

ठरलेल्या जागेत आणि वेळेत बसणं, कचरा उचलणं, सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान न करणं आणि ठरलेली फी भरणं ही विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी आहे. प्रमाणपत्र मिळालं म्हणून जागेची मालकी मिळत नाही. गाडीपुढे आणखी चार फूट पाल ओढलं, की अटी मोडल्या असं म्हणायला जागा मिळते.

नगरपंचायतीत जाऊन काय विचारायचं?

1. नगर पथविक्रेता समिती आहे का? विक्रेत्यांचे प्रतिनिधी कोण?
2. शेवटचं सर्वेक्षण कोणत्या वर्षी झालं? यादीत माझं नाव आहे का?
3. विक्री क्षेत्रं आणि मनाई क्षेत्रं कोणती ठरली आहेत? आराखडा मंजूर आहे का?
4. बाजार फीचा मंजूर दर किती? तो फलकावर लावला आहे का?
5. प्रमाणपत्र किती दिवसांत मिळतं? पथविक्रेत्यांची सनद कुठे पाहायला मिळेल? ही सनद प्रसिद्ध करणं आणि नोंदणीकृत विक्रेत्यांच्या नोंदी अद्ययावत ठेवणं स्थानिक संस्थेला बंधनकारक आहे.

तोंडी उत्तर मिळालं नाही, तर माहिती अधिकारात 10 रुपयांचं शुल्क भरून अर्ज करता येतो आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज एकट्याने करण्यापेक्षा दहा-वीस विक्रेत्यांनी मिळून केला तर समितीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामाला गती येण्याची शक्यता जास्त.

तुम्ही विक्रेते नसाल, फक्त गिऱ्हाईक असाल, तरी रोज ज्या ताईंकडून भाजी घेता त्यांना एक प्रश्न नक्की विचारा: "सर्वेक्षणात नाव लागलंय का?" उत्तर "पावती आहे ना," असं आलं, तर हा लेख त्यांना वाचून दाखवा.